चिलीच्या लोकसंख्येचे आकडे कसे वाचावेत: प्रदेश, कोमुना, शहरं आणि जनगणना

कॉन्सेप्सिओन हे चिलीतलं कितव्या क्रमांकाचं शहर? एका यादीत ते सांतियागोच्या लगेच खाली, दुसऱ्या स्थानी दिसतं. दुसऱ्या यादीत पहिल्या दहातही नसतं. दोन्ही याद्या २०१७च्या एकाच जनगणनेवरून केलेल्या असतात आणि दोन्हींची बेरीज अचूक असते. एकीने नगरपालिकेची हद्द मोजलेली असते, दुसरीने एकमेकांना चिकटलेल्या दहा नगरपालिका.

चिलीच्या बाबतीत हे वारंवार घडतं. तिथली आकडेवारी दक्षिण अमेरिकेतल्या चांगल्या आकडेवारींपैकी एक आहे आणि बरीचशी फुकट, खुली मिळते. पण गेल्या वीस वर्षांत तिथे प्रदेश फुटले, कोमुना (म्हणजे नगरपालिकांची क्षेत्रं) फुटल्या, मोजण्याची पद्धत बदलली आणि एक अख्खी जनगणना बाद झाली. त्यामुळे आकडा उचलून लेखात किंवा नकाशात टाकण्याआधी थोडी झडती घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, ते क्रमाने सांगतो. भूगोलाचे विद्यार्थी, विश्वकोशात नोंदी लिहिणारे, नकाशे करणारे, सगळ्यांना हे लागू आहे.

१. आधी टिंब आणि स्वल्पविराम ओळखा

चिलीत हजारांचे गट टिंबाने पाडतात आणि दशांश स्वल्पविरामाने दाखवतात. तिथल्या तक्त्यात १७.५७४.००३ असं दिसलं तर ते आपले १,७५,७४,००३. आणि १२,८ म्हणजे बारा पूर्णांक आठ दशांश टक्के.

वाचताना हे लगेच लक्षात येतं, खरा घोटाळा एक्सेलमध्ये होतो. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटाच्या कोमुनात २०१७ साली ७,७५० माणसं मोजली गेली. तक्त्यात ती ७.७५० अशी छापलेली असतात. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये फाइल उघडली की एक्सेल त्याचे पावणेआठ करतं आणि उजवीकडचं शून्यही गिळतं. दोन टिंबांचे मोठे आकडे मात्र त्याला कळत नाहीत, म्हणून ते मजकूर म्हणून तसेच राहतात. एकाच स्तंभात अर्धे आकडे हजारपटीने लहान आणि अर्धे बेरजेत न येणारे, अशी अवस्था होते.

उपाय सोपा आहे. फाइल थेट उघडू नका. ‘इम्पोर्ट’ करताना लोकसंख्येचा स्तंभ मजकूर म्हणून घ्या. मग आधी सगळी टिंबं काढा, त्यानंतर स्वल्पविरामाचं टिंब करा आणि शेवटी स्तंभाला संख्येचं रूप द्या. हा क्रम उलटा केला तर खरा दशांशही टिंबांबरोबर पुसला जातो.

२. हद्द कोणती ते पक्कं करा

चिलीचा कारभार तीन थरांचा आहे: १६ प्रदेश, ५६ प्रांत आणि ३४६ कोमुना. प्रांताकडे लोकसंख्येच्या कामात फारसं बघावं लागत नाही. सगळा खेळ प्रदेश आणि कोमुना यांच्यात. कोमुना म्हणजे नगरपालिकेचं क्षेत्र. मग ते दाट वस्तीचं शहर असो, नाहीतर चार वस्त्या आणि बाकी वाळवंट असो. (नगरपालिका मात्र ३४५च. अंटार्क्टिकातल्या कोमुनाचा कारभार काबो दे ओर्नोसची नगरपालिका बघते. २०१७ला तिथे १३८ जण मोजले गेले.)

आता प्रदेशांचं. २००७पर्यंत ते १३ होते. त्या वर्षी उत्तरेत तारापाकातून आरिका इ पारिनाकोता आणि दक्षिणेत लोस लागोसमधून लोस रिओस वेगळा झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी बिओबिओतून न्युब्ले निघाला. ही शेवटची तारीख लक्षात ठेवा, कारण २०१७ची जनगणना त्याच्या आदल्या वर्षीची आहे. म्हणून बिओबिओचे दोन ‘२०१७चे’ आकडे फिरतात: २०,३७,४१४ आणि १५,५६,८०५. पहिला जुन्या हद्दीचा, दुसरा न्युब्लेचे ४,८०,६०९ वजा केल्यावरचा. दोन्ही बरोबर आहेत, पण २०२४च्या आकड्याशी तुलना करायची तर दुसराच घ्यायचा. २०२४ला बिओबिओत देशाचे ८.७ टक्के लोक होते. तो आकडा वीस लाखांशेजारी ठेवला तर प्रदेश ओस पडल्यासारखा दिसेल.

आजच्या १६ प्रदेशांप्रमाणे २०१७चे आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, असे:

आरिका इ पारिनाकोता २,२६,०६८
तारापाका ३,३०,५५८
आंतोफागास्ता ६,०७,५३४
आताकामा २,८६,१६८
कोकिंबो ७,५७,५८६
वाल्पाराइसो १८,१५,९०२
सांतियागो महानगर प्रदेश ७१,१२,८०८
ओहिगिन्स ९,१४,५५५
माउले १०,४४,९५०
न्युब्ले ४,८०,६०९
बिओबिओ १५,५६,८०५
आराउकानिया ९,५७,२२४
लोस रिओस ३,८४,८३७
लोस लागोस ८,२८,७०८
आयसेन १,०३,१५८
मागायानेस १,६६,५३३

देशाच्या दर १० माणसांमागे ४ जण एकट्या महानगर प्रदेशात राहतात, आणि क्षेत्रफळाने त्याहून लहान प्रदेश एकच आहे, न्युब्ले. दुसऱ्या टोकाला आयसेन: १ लाख ८ हजार चौरस किलोमीटर जागा आणि दर चौरस किलोमीटरला एक माणूसही नाही. लोकसंख्येनुसार रंगवलेला चिलीचा नकाशा म्हणूनच फसवा असतो. कागदावर दक्षिणेचा रिकामा पसारा भरतो आणि ज्या ठिपक्यात ७१ लाख लोक आहेत तो बोटाखाली झाकला जातो. प्रदेशवार नकाशा करणार असाल तर सांतियागोची चौकट बाजूला मोठी करून दाखवाच.

कोमुनाही फुटतात, आणि ती फूट जास्त गोत्यात आणते. ताल्काउआनो या बंदराची लोकसंख्या २००२ला २,५०,३४८ होती, २०१७ला १,५१,७४९. जवळजवळ ४० टक्क्यांची घट. मधे फेब्रुवारी २०१०चा प्रचंड भूकंप आणि त्सुनामी आहे, बंदराला तिचा जबर तडाखाही बसला. मग काय, गोष्ट आपोआप जुळते: त्सुनामीने शहर रिकामं केलं. पण २००४ साली याच कोमुनातून उआल्पेन वेगळी झाली होती. तिचे ९१,७७३ मिळवले की २०१७चा आकडा २,४३,५२२ होतो. खरी घट ३ टक्क्यांच्याही आत. उत्तरेतल्या इकिकेचं तसंच. २००२चे २,१६,४१९ आणि २०१७चे १,९१,४६८ शेजारी ठेवले तर शहर आटल्यासारखं वाटतं. २००४ला वेगळ्या झालेल्या आल्तो ओस्पिसिओचे १,०८,३७५ धरले तर तेच शहर ३ लाखांच्या उंबरठ्यावर पोचलेलं दिसतं.

तेव्हा दोन जनगणनांची तुलना करण्याआधी प्रत्येक कोमुनाच्या स्थापनेचं वर्ष बघा. १९९०नंतरचं असेल तर तिची आई कोण, तेही शोधा.

३. ‘शहर’ म्हणजे कोणत्या कोमुना, ते लिहून ठेवा

‘सांतियागोची लोकसंख्या’ या शब्दांना किमान तीन अर्थ आहेत. सांतियागो नावाची कोमुना, म्हणजे जुना मध्यभाग, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचा: ४,०४,४९५. सलग पसरलेलं महानगर, ज्यात साधारणपणे सांतियागो प्रांताच्या ३२ कोमुना आणि त्यांना लागून असलेल्या पुएन्ते आल्तो व सान बेर्नार्दो धरतात: ६० लाखांच्या पुढे. आणि ५२ कोमुनांचा अख्खा महानगर प्रदेश, ज्यात द्राक्षमळे आणि अँडीजचे डोंगरही येतात: ७१ लाख. मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा घेऊन कोणी ‘मुंबईची लोकसंख्या’ म्हटलं तर आपल्याला जे वाटेल, तेच सांतियागोकरांना पहिल्या आकड्याबद्दल वाटतं.

गंमत म्हणजे देशातली सगळ्यांत मोठी कोमुना सांतियागो नाहीच. २०१७ला तो मान पुएन्ते आल्तोचा होता, ५,६८,१०६. त्याखाली माइपू, ५,२१,६२७. दोन्ही महानगराच्या कडेची, गेल्या काही दशकांत घरकुलांनी भरलेली उपनगरं. त्यामुळे ‘चिलीतली सर्वांत मोठी शहरं’ म्हणून कोमुनांची यादी छापणारे पुएन्ते आल्तोला पहिला क्रमांक देऊन मोकळे होतात.

सांतियागो कोमुनाची स्वतःची कहाणीही थांबून बघण्यासारखी आहे. २००२ला तिथे २,००,७९२ माणसं होती, पंधरा वर्षांत ती दुप्पट झाली. इथे हद्द बदललेली नाही, वाढ खरी आहे. मध्यवस्तीत एका-दोन खोल्यांच्या घरांचे उंचच उंच मनोरे उभे राहिले आणि पेरू, व्हेनेझुएला, कोलंबियातून आलेली कुटुंबं तिथे भाड्याने राहू लागली. शेजारच्या एस्तासिओन सेंत्राल कोमुनातल्या अशाच मनोऱ्यांना चिलीत ‘उभे घेट्टो’ म्हणतात.

आता कॉन्सेप्सिओनचा सुरुवातीचा प्रश्न सोडवू. कोमुना म्हणून ती २,२३,५७४ची. पण ताल्काउआनो, उआल्पेन, चिग्वायान्ते, सान पेद्रो दे ला पास, पेन्को, तोमे, कोरोनेल, लोता आणि उआल्की धरून दहांची बेरीज केली की बृहत् कॉन्सेप्सिओन ९,७१,२८५चं होतं. तिकडे वाल्पाराइसो, विन्या देल मार, किल्पुए, विया आलेमाना आणि कोनकोन या पाचांचं बृहत् वाल्पाराइसो ९,५१,३११ भरतं. फरक २० हजारांचाही नाही. कॉन्सेप्सिओनच्या यादीतून कडेची उआल्की (२४,३३३) गाळली तर क्रमांक उलटतो! उआल्की धरावी की नाही यावर अभ्यासकांत एकमत असण्याची गरज नाही. तुम्ही धरली की नाही, ते मात्र वाचकाला कळायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा वाद लिहिण्यापेक्षा ‘दोन्ही साडेनऊ लाखांच्या आसपास’ असं लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

त्यात आणखी एक मौज: वाल्पाराइसो हे प्रदेशाचं राजधानीचं शहर, चिलीच्या संसदेचं ठिकाण, पण माणसं शेजारच्या विन्या देल मारमध्ये जास्त. २,९६,६५५ विरुद्ध ३,३४,२४८.

४. जनगणना कोणती आणि माणूस कुठे मोजला

चिलीची मोजणी इन्स्तितुतो नासिओनाल दे एस्तादिस्तिकास ही सरकारी संस्था करते. आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘इने’ म्हणतात. अलीकडच्या चार जनगणना अशा.

२००२ची पारंपरिक, एकूण १,५१,१६,४३५. २०१२ची पूर्णपणे बाजूला ठेवा. सुरुवातीला तिचं फार कौतुक झालं, पण २०१३ला तज्ज्ञांच्या समितीने तपासलं तेव्हा ९ टक्क्यांहून जास्त लोक मोजायचेच राहिले होते असं निघालं. जुन्या लेखांत १ कोटी ६६ लाखांचा आकडा भेटला तर तो तिथला. तो वापरू नका, वाढीचा दर काढायला तर मुळीच नाही.

तिच्याऐवजी १९ एप्रिल २०१७ला छोटी जनगणना घेतली. प्रश्न फक्त २१, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी, म्हणजे लोक घरी सापडावेत. पद्धत ‘दे एचो’, म्हणजे आदल्या रात्री माणूस जिथे होता तिथे तो मोजायचा. एकूण १,७५,७४,००३. मग २०२४ची मोठी जनगणना मार्चपासून काही महिने चालली. पद्धत ‘दे देरेचो’, म्हणजे माणूस नेहमी जिथे राहतो तिथला धरायचा. एकूण १,८४,८०,४३२.

देशाच्या पातळीवर या फरकाने फार बिघडत नाही, लहान कोमुनांत मात्र पार उलथापालथ होते. आंतोफागास्ता प्रदेशातली सिएर्रा गोर्दा बघा. आताकामाच्या वाळवंटातलं हे खेडं, आजूबाजूला तांब्याच्या अजस्र खाणी. खाणकामगार आठवडा-आठवड्याच्या पाळ्यांवर येतात, कॅम्पात राहतात आणि पाळी संपली की दुसऱ्या शहरातल्या आपल्या घरी जातात. २०१७ला त्या रात्री कॅम्पात झोपलेले सगळे सिएर्रा गोर्दाचे ठरले आणि कोमुना १०,१८६ची झाली. २००२ला ती २,३५६ची होती. त्या दहा हजारांत बहुतेक पुरुष, तेही काम करायच्या वयाचे. हा आकडा घेऊन तिथे किती शाळा लागतील याचं गणित मांडलं तर हसं होईल. पाण्याचं, कचऱ्याचं, दवाखान्याचं गणित मांडायचं असेल तर मात्र हाच आकडा कामाचा, कारण माणसं तिथे असतातच.

म्हणून खाणींच्या, पर्यटनाच्या आणि बंदरांच्या कोमुनांत २०१७ व २०२४ची थेट वजाबाकी करू नका. उत्तरेकडच्या प्रदेशांत पुरुष जास्त का दिसतात, त्याचंही बरंचसं उत्तर या पाळ्यांत आहे. देशभरात २०१७ला दर १०० स्त्रियांमागे जवळपास ९६ पुरुष होते, आंतोफागास्ता प्रदेशात पुरुषच जास्त.

५. मोजलेला आकडा आणि अंदाज वेगळे ठेवा

२०१७च्या जनगणनेवरून ‘इने’ने पुढच्या वर्षांचे अंदाज काढले. त्यांनुसार २०२४ला देशात २,००,८६,३७७ लोक असायला हवे होते. मोजले तेव्हा १,८४,८०,४३२ सापडले. सोळा लाखांची तफावत.

याचा अर्थ लगेच ‘चिलीची लोकसंख्या घटली’ असा काढू नका, जसा काही ठिकाणी काढला गेला. अंदाजांत मोजणीतून सुटलेल्यांची भर आधीच घातलेली असते. त्यामुळेच २०१७चाच अंदाज १ कोटी ८४ लाखांचा होता आणि त्या वर्षीची प्रत्यक्ष मोजणी पावणेदोन कोटींची. त्यात पुढचं स्थलांतर आणि जन्मदर यांची गृहीतकं मिसळली. जन्मदर तर गृहीतकांहून फार वेगाने कोसळला, २०२३ला एका स्त्रीमागे सरासरी १.१६ मुलं. मोजणीची तुलना मोजणीशी केली तर २०१७ ते २०२४ वाढच दिसते, नऊ लाखांची.

तक्त्याच्या मथळ्यात ‘सेन्सादा’ असेल तर ती मोजलेली लोकसंख्या. ‘एस्तिमासिओनेस’ किंवा ‘प्रोयेक्सिओनेस’ असेल तर अंदाज. इंटरनेटवरच्या बहुतेक ‘लोकसंख्या घड्याळां’त दुसरा प्रकार असतो आणि तसं लिहिलेलं नसतं. २०१८ ते २०२३मधल्या वर्षाचा कोणताही आकडा दिसला तर तो अंदाजच आहे असं समजा, कारण त्या वर्षांत जनगणना झालीच नाही.

६. टक्केवारीचा छेद आणि प्रश्नाचे शब्द तपासा

२०१७ला २१,८५,७९२ जणांनी आपण मूलनिवासी समाजाचे आहोत असं सांगितलं. एकूण लोकसंख्येने भागा: १२.४ टक्के. ‘इने’ सांगतं १२.८. चूक कोणाचीच नाही. ‘इने’ने उत्तर न देणारे छेदातून वगळलेत. परदेशात जन्मलेल्यांचंही तसंच: २०२४ला १६,०८,६५० जण, एकूण आकड्याने भागले तर ८.७, अधिकृत टक्केवारी ८.८. स्वतः भागाकार करून टक्के काढणार असाल तर सगळीकडे स्वतःचेच वापरा. अर्धे त्यांचे आणि अर्धे आपले असं मिसळू नका.

मूलनिवासींच्या बाबतीत छेदापेक्षा प्रश्नच महत्त्वाचा. मापुचे हा चिलीतला सर्वांत मोठा मूलनिवासी समाज. १९९२ला ९,२८,०६० मापुचे नोंदले गेले, तेही फक्त १४ वर्षांवरचे. २००२ला सगळ्या वयांचे धरून ६,०४,३४९. आणि २०१७ला १७,४५,१४७. कोणताही समाज दहा वर्षांत एक-तृतीयांशाने घटून पुढच्या पंधरा वर्षांत तिप्पट होत नाही. १९९२ला विचारलं होतं की तुम्ही स्वतःला अमुक संस्कृतीचे मानता का. २००२ला विचारलं, तुम्ही अमुक समाजाचे आहात का. २०१७ला पुन्हा ‘मानता का’. त्यात मधल्या काळात मापुचे म्हणवून घेण्याचा संकोचही कमी झाला. म्हणून या तीन आकड्यांचा आलेख रेषेने जोडू नका. तीन सुटे ठिपके काढा आणि खाली प्रश्न लिहा.

आणखी एक समज इथेच मोडतो. मापुचे म्हटलं की आराउकानिया, असं पाठ्यपुस्तकी समीकरण असतं. तिथल्या लोकसंख्येत मूलनिवासींचं प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास आहे हे खरं, पण माणसं मोजली तर महानगर प्रदेशात ६,१४,८८१ मापुचे आणि आराउकानियात ३,१४,१७४. विसाव्या शतकात कामासाठी सांतियागोला गेलेल्यांची ही मुलं-नातवंडं. ‘सर्वाधिक मापुचे कुठे’ या प्रश्नाला प्रमाण आणि संख्या यांची दोन वेगळी उत्तरं येतात.

परदेशी जन्मलेल्यांत सात वर्षांत चित्र पालटलं. २०१७ला ७,४६,४६५, त्यांत पेरूचे सर्वाधिक. २०२४पर्यंत संख्या दुपटीहून जास्त झाली आणि त्यांतले ४१.६ टक्के व्हेनेझुएलाचे.

७. शहरी-ग्रामीण आणि वय

यात थोडक्यात. २०१७ला ८७.८ टक्के लोक शहरी होते. पण चिलीत २,००० वस्तीचं गाव ओलांडलं की ते शहरी. १,००१ ते २,०००मधलं गावही शहरी ठरतं, जर तिथले निम्म्याहून जास्त लोक शेती-मासेमारी-खाणीबाहेर काम करत असतील. भारतीय जनगणनेत उंबरठा ५,०००चा आहे, वर घनतेची आणि बिगरशेती पुरुषांची अटही. त्यामुळे दोन देशांचं शहरीकरण शेजारी ठेवून टक्क्यांची शर्यत लावण्यात अर्थ नाही.

वयाची आकडेवारी मात्र विनाकटकट वापरता येते. १९९२ला ६५ वर्षं आणि त्यावरचे ६.६ टक्के होते, २०२४ला १४. सरासरी कुटुंब २०१७च्या ३.१ माणसांवरून २.८वर आलं.

८. कोमुनाच्या नावावर नाही, कोडवर जोडा

दोन तक्ते किंवा तक्ता आणि नकाशा जोडताना स्पॅनिश नावांवर भिस्त ठेवू नका. स्वराघातांच्या खुणा आणि ‘न्य’चं अक्षर फाइलीगणिक वेगळं उमटतं. प्रत्येक कोमुनाला पाच अंकी कोड असतो: पहिले दोन प्रदेशाचे, तिसरा प्रांताचा, शेवटचे दोन कोमुनाचे. सांतियागो १३१०१, पुएन्ते आल्तो १३२०१, कॉन्सेप्सिओन ०८१०१. या शेवटच्यातलं सुरुवातीचं शून्य एक्सेल खातं, म्हणून कोडचा स्तंभही मजकूर म्हणूनच घ्या.

प्रदेश फुटला की कोड बदलतो. चियान २०१८पूर्वीच्या फाइलीत ०८४०१, नंतरच्या फाइलीत १६१०१. वाल्दिविया १०५०१ची १४१०१ झाली, आरिका ०१२०१ची १५१०१. जोडणी केल्यावर न्युब्लेच्या २१ कोमुना रिकाम्या दिसल्या तर कारण हेच. जुन्या-नव्या कोडांचा एक छोटा तक्ता करून ठेवला की काम भागतं. याहून बारीक, म्हणजे वय, शिक्षण आणि जन्मस्थान एकत्र छेदून बघायचं असेल तर ‘रेदातम’ हे सॉफ्टवेअर शिका. सांतियागोतच असलेल्या सेलादे या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या केंद्राने ते बनवलंय, आणि ‘इने’च्या जनगणनांचे तक्ते त्यातून ब्राउझरमध्येच काढता येतात.

काम झालं की वरच्या १६ प्रदेशांच्या आकड्यांची बेरीज करा. १,७५,७४,००३ आली तर फाइल शाबूत आहे. ४,८०,६०९ने जास्त आली तर न्युब्ले दोनदा धरला गेलाय: एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा जुन्या बिओबिओच्या पोटात.